काँक्रीट कापण्याचा राडा आणि गावचे पाणी

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या गावांतील रस्त्यांचे रूप पालटले आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने अनेक वाड्यावस्त्या मोठ्या रस्त्यांना जोडल्या. गावठाणातील गल्लीबोळांत चिखलाच्या जागी सिमेंट काँक्रीट आले. पुढे २०१९ साली जलजीवन अभियान सुरू झाले आणि घरोघर नळ पोहोचविण्यासाठी हेच काँक्रीट अनेक गावांत कापावे लागले. विहिरीचे पाणी रस्त्यापलीकडील शेतात नेण्याकरिता शेतकऱ्यालाही रीतसर परवानगी काढून रस्ता कापावा लागतो. अशा रीतीने काँक्रीट कापणे हे आता गावचे नित्याचेच काम होऊन बसले आहे.

रस्ता कापल्यावर तो पुन्हा नीट भरला गेला की नाही याची चौकशी गावकरी करतात, व ते योग्यच आहे. परंतु कापताना निघालेला करडा राडा कोठे गेला, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो गटारात जातो, गटारातून ओढ्याला मिळतो आणि ओढ्यावरच गावची विहीर, नाला बांध व जनावरांचा पाणवठा अवलंबून असतो. हा राडा पाण्यात गेल्यावर काय करतो, आणि तो पाण्यात जाऊ नये म्हणून गावातल्या गावात कोणते साधे उपाय करता येतात, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

राडा कसा तयार होतो?

काँक्रीट कापण्याच्या यंत्राला हिऱ्याचे बारीक कण बसविलेले पोलादी पाते असते. ते वेगाने फिरताना तापते, म्हणून त्यावर सतत पाणी सोडतात. या पाण्यामुळे धूळही दबते. पात्याने खरवडलेली सिमेंट, वाळू व खडी यांची पिठासारखी भुकटी या पाण्यात मिसळते आणि दाट, करडा राडा तयार होतो.

एकेका कापात निघणारी भुकटी थोडी दिसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. याकरिता थोडा हिशेब करून पाहू. समजा, चार मीटर रुंदीच्या गल्लीत नळासाठी आडवा चर घ्यावयाचा आहे. चराच्या दोन्ही कडा चार मिलिमीटर जाडीच्या पात्याने दहा सेंटिमीटर खोल कापल्या, तर सुमारे ३.२ लिटर आकारमानाचे काँक्रीट भुकटी होऊन निघते. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो धरल्यास ही भुकटी साडेसात किलोहून अधिक भरते. गावात असे पन्नास चर घेतले तर पावणेचारशे किलोहून अधिक भुकटी गटारात जाते. नव्या रस्त्याचीही गोष्ट अशीच आहे. काँक्रीट वाटेल तेथे तडकू नये म्हणून त्यास ठरावीक अंतरावर सांधे कापतात. चार मीटर रुंदीच्या रस्त्यावर दर चार मीटरला पाच सेंटिमीटर खोल सांधा कापला, तर एका किलोमीटरमागे अशी भुकटी सुमारे ४८० किलो निघते.

राड्यातील खरा दोष

भुकटीने पाणी गढूळ होते, हा एक दोष झाला. त्याहून मोठा दोष डोळ्यांना दिसत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते तेव्हा त्यात चुना तयार होतो आणि काँक्रीट जुने झाले तरी तो त्याच्या आतील भागात टिकून असतो. पाते फिरले की हा दडलेला चुना बारीक होऊन पाण्यात उतरतो. म्हणून राड्यावर तरंगणारे निवळ पाणी म्हणजे एक प्रकारे चुन्याची निवळीच होय.

पाण्याची आम्लता वा अल्कता सामूने मोजतात. सामू ७ असलेले पाणी उदासीन असते. सामू एका अंकाने वाढला की पाण्याची अल्कता दहा पटींनी वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. सिंचनासाठी वापरावयाच्या पाण्याचा सामू ६.० ते ८.५ असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्गीकरण सांगते. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू मात्र सुमारे १२.४ असतो, आणि काँक्रीटच्या ताज्या राड्याचा सामू सामान्यतः ११ ते १३ च्या दरम्यान आढळतो.

'भरपूर पाणी ओतून धुऊन टाकले की झाले', असे पुष्कळांना वाटते. परंतु सामू १२ असलेले पाणी केवळ शुद्ध पाणी मिसळून ९ वर आणावयाचे तर त्यात हजार पट पाणी घालावे लागेल. पंधरा लिटरच्या एका बादलीसाठी हा हिशेब पंधरा हजार लिटरचा होतो. ओढ्याच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट चुन्याचा काही अंश मारतात हे खरे. तथापि पाणी वाहते व विपुल असेल तरच त्याचा उपयोग होतो.

इथेच आपल्याकडील हंगामाचा विचार करावयास हवा. रस्त्यांची कामे बहुधा दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाळ्यापूर्वी उरकतात. त्याच महिन्यांत ओढे आटत जातात आणि त्यांत केवळ लहान लहान डोह शिल्लक राहतात. त्या डोहांतच मासे जगलेले असतात आणि त्यांवरच गुरे पाणी पितात. अशा डोहात राडा उतरला तर त्यास सौम्य करण्याइतके पाणीच तेथे नसते. राडा डोहापर्यंत न पोहोचता रस्त्यावर व गटारातच वाळून गेला, तरी धोका टळत नाही. मृगाच्या पहिल्या सरी ती भुकटी उचलतात आणि एकाच लोंढ्यात ओढ्यात नेऊन टाकतात.

पाण्यावर होणारे परिणाम

मासे: सामू ९ च्या वर गेला की माशांच्या कल्ल्यांना व त्वचेला इजा होऊ लागते, आणि ११ च्या आसपास बहुतेक मासे मरतात. शिवाय शेणामुतामुळे व कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे पाण्यात अमोनियम असतेच. अल्कता वाढली की त्याचे विषारी अमोनियात रूपांतर होते. पाणी कोमट असेल तर हे अधिक घडते. बारीक भुकटी कल्ल्यांत अडकते ती वेगळीच. ज्यांनी सिमेंटच्या नव्या टाकीत मासे सोडण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. अशी टाकी पाण्याने भरून ठेवून, ते पाणी अनेकदा बदलल्यावाचून जाणता मत्स्यपालक तीत बीज सोडत नाही.

पिण्याची विहीर: गावच्या विहिरीत आपण ब्लीचिंग पावडर टाकतो. तिचा जंतुनाशक गुण पाण्याचा सामू ८ पेक्षा कमी असताना चांगला असतो, आणि सामू वाढला की झपाट्याने घटतो. त्यामुळे विहिरीचे पाणी चुनखट झाले तर नेहमीच्या मात्रेत पावडर टाकूनही जंतू पुरते मरत नाहीत. लोक मात्र पाणी शुद्ध झाले अशा समजुतीने ते पीत राहतात.

पाझर: नाला बांध, पाझर तलाव व विहीर पुनर्भरणाचे चर यांचे सारे सामर्थ्य त्यांच्या तळाच्या झिरपण्यात असते. सिमेंटची पिठासारखी भुकटी तळावर बसली की मातीची व वाळूची छिद्रे बुजतात. पाणी साठलेले दिसते, परंतु ते जमिनीत मुरत नाही आणि खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा लाभ होत नाही.

माणसे व जनावरे: ओला राडा कातडी जाळतो. सिमेंटमध्ये क्रोमियमचा अल्प अंश असतो व त्यामुळे काहींना चिवट इसब होतो. अनवाणी पायांनी राड्यात काम करणारा मजूर आणि त्यावरून चालणारी गुरे या दोहोंनाही त्याचा त्रास होतो.

चार गैरसमज

पहिला गैरसमज 'गाळ' या शब्दामुळे होतो. तलावातील गाळ शेतात पसरणे हितावह आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१७ सालापासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकऱ्यांनी तो उत्साहाने नेला. गोबरगॅसची स्लरी तर उत्तम खतच आहे. परंतु यंत्रामागे साचलेला करडा राडा गाळासारखा दिसतो, आणि मजूर त्यालाही 'स्लरी' म्हणतात, म्हणून तो शेतात घालण्याचा मोह धरू नये. त्यात पिकाला पोसणारे सेंद्रिय द्रव्य नसते. आपल्या काळ्या जमिनी बहुधा मुळातच चुनखडीयुक्त व किंचित अल्क असतात. त्यांत आणखी चुना पडला तर लोह व जस्त पिकांना मिळेनासे होते. संत्रा, भुईमूग व ऊस यांची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरा गैरसमज कोकणातील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांचा होऊ शकतो. तेथील जमिनी आम्ल असून त्यांना चुना द्यावा अशी शिफारस असते, मग हा फुकटचा चुना का टाकू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शेतीचा चुना माती परीक्षणावरून, मोजून व सारखा पसरून देतात. राड्यात चुना किती आहे हे ठाऊक नसते. त्यात क्रोमियम व यंत्राचे तेल मिसळलेले असते, आणि तो जेथे पडेल तेथे घट्ट पापुद्रा धरतो.

तिसरा गैरसमज असा की, पाणी न वापरता कोरडेच कापले म्हणजे प्रश्न मिटला. कोरड्या कापणीत उडणाऱ्या धुळीत गारगोटीचे म्हणजे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. म्हणून पाणी वापरूनच कापावे आणि ते पाणी अडवावे.

चौथा गैरसमज डांबरी रस्त्याविषयीचा आहे. डांबरात सिमेंटचा चुना नसतो, म्हणून त्याचा राडा निर्धोक समजतात. दगडाची बारीक भुकटी व तेलकट अंश त्यातही असतात. तोही उचललाच पाहिजे.

राडा जागीच अडविण्याची रीत

या सर्व विवेचनाचे सार एवढेच की, राडा जेथे निघतो तेथेच उचलावा. ओढ्यात गेल्यावर तो परत काढता येत नाही. त्यासाठी लागणारी साधने गावात मिळतात: मातीने भरलेली पोती, फावडे, घमेली, लांब दांड्याचा रबरी वायपर, झाकणाचे एक पिंप आणि एक चांगली ताडपत्री.

कामापूर्वी:

१. रस्त्याचा उतार पाहावा. बादलीभर स्वच्छ पाणी ओतून ते कोणीकडे धावते हे पाहिले की राड्याची वाट कळते.

२. त्या वाटेवरील गटाराचे तोंड मातीच्या पोत्यांनी बंद करावे. पोती एकमेकांस घट्ट भिडवून लावावीत. पोत्यांची दुसरी ओळ थोड्या अंतरावर खालच्या अंगास लावावी.

३. विहीर, ओढा, गटार व पाणवठा यांपासून निदान पंधरा मीटर दूर, उंचवट्याच्या जागी एक खड्डा घ्यावा. विहिरीपासून शक्य तितके अधिक अंतर ठेवावे. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व अर्धा मीटर खोल खड्ड्यात काठोकाठ दीड हजार लिटर मावते. तो दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. तळाला व बाजूंना न फाटलेली ताडपत्री अंथरावी आणि तिच्या कडा मातीने दाबाव्यात.

४. खड्ड्याभोवती काटेरी कुंपण घालावे, म्हणजे मुले व गुरे तेथे जाणार नाहीत. निवळलेले पाणी स्वच्छ दिसते आणि तहानलेले वासरू त्यास तोंड लावण्याचा संभव असतो.

५. पावसाची चिन्हे असतील तर कापणी पुढे ढकलावी.

काम चालू असताना:

६. पाणी बेताचे सोडावे. पाते थंड राहील व धूळ दबेल इतकेच पाणी पुरे. जितके पाणी जास्त तितका उचलावयाचा राडा जास्त.

७. यंत्रामागे एका माणसाने वायपरने राडा एकत्र ओढावा व दुसऱ्याने तो फावड्याने घमेल्यात भरून पिंपात टाकावा. ठेकेदाराकडे पाणी ओढणारे व्हॅक्यूम यंत्र असल्यास उत्तमच. राडा वाळू देऊ नये. ओला असताना तो सहज उचलला जातो.

८. मजुरांनी रबरी बूट व हातमोजे घालावेत. डोळ्यात राडा उडाल्यास डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा आणि दवाखाना गाठावा.

कामानंतर:

९. रस्ता नळीने धुऊ नये. आधी खरडून व झाडून घ्यावा. शेवटचा हात ओल्या पोत्याने फिरवावा.

१०. काँक्रीटचे मिक्सर, घमेली व थाप्या यांचे धुवणही याच खड्ड्यात टाकावे. नव्या काँक्रीटवर साठविलेले पाणी ओढ्याकडे एकदम सोडू नये.

११. खड्ड्यात राडा खाली बसला की वरचे निवळ पाणी पुन्हा कापणीसाठी किंवा हत्यारे धुण्यासाठी वापरावे. उरलेले उन्हाने आटू द्यावे. पाण्यावर पांढरी साय धरते, ती हवेतील कार्बन डायऑक्साइडशी चुन्याचा संयोग होऊन तयार झालेली असते. चुना मारण्यासाठी आपल्या हाताने आम्ल ओतू नये. ते धोक्याचे असते आणि त्याचे प्रमाण गावात साधत नाही.

१२. राडा वाळून घट्ट झाला की फोडून काँक्रीटखालील भरावात घालावा किंवा ग्रामपंचायतीने डबरासाठी नेमलेल्या जागी टाकावा. काँक्रीटचे तुकडेही ओढ्याच्या काठी ढकलू नयेत. मृगापूर्वी खड्डा रिकामा करून बुजवावा.

हळदीची परीक्षा

राडा कोठे झिरपला का, हे पाहण्यासाठी सामू मापनाचा कागद दुकानात मिळतो. बोर्डो मिश्रण करणाऱ्या द्राक्ष बागायतदारांना तो परिचित आहे. तो जवळ नसेल तर घरची हळद उपयोगी पडते. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. थोडी हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पुसावी व कागद सावलीत वाळवून त्याच्या पट्ट्या कापाव्यात. एक पट्टी कामाच्या वरच्या अंगाच्या पाण्यात व दुसरी खालच्या अंगाच्या पाण्यात बुडवावी. वरची पिवळी राहून खालची तांबूस झाली, तर राड्याचे पाणी तेथवर पोहोचले असे समजावे. ही परीक्षा ढोबळ आहे. पाणी पिण्यास योग्य आहे असा दाखला तिने मिळत नाही.

राडा विहिरीत किंवा डोहात गेल्याचे आढळले, तर काम तात्काळ थांबवावे, प्रवाह पोत्यांनी अडवावा, गुरांना तेथे सोडू नये आणि विहिरीचे पाणी पिणे बंद करावे. ग्रामपंचायतीला कळवून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. अहवाल येईपर्यंत पिण्याच्या पाण्याची सोय दुसरीकडे करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

हे सारे एका माणसाने रस्त्यावर उभे राहून साधणार नाही. रस्ता कापण्याची परवानगी देताना आणि कामाचा करार लिहितानाच त्यात अट असावी की, कापणीचा राडा व मिक्सरचे धुवण उचलून नेण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील आणि रस्ता व गटार स्वच्छ झाल्याचे पाहिल्यावरच देयक मंजूर होईल. काम संपल्यावर घातलेल्या अटीचा फारसा उपयोग होत नाही.

यास कायद्याचाही आधार आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ अन्वये ओढ्यात किंवा विहिरीत प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकानुसार, नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९.० च्या दरम्यान असावा आणि त्यात तरंगणारे घन कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. राड्याचे पाणी या दोन्ही कसोट्यांत सहसा उतरत नाही. तथापि गावात तक्रारीपेक्षा पूर्वसूचना अधिक काम करते. ठेकेदाराच्या मुकादमाला पहिल्याच दिवशी खड्ड्याची जागा दाखविली आणि पोती कोठे लावावयाची हे सांगितले, तर बहुतेक ठिकाणी विरोध होत नाही.

शेतकऱ्याने स्वतःच्या जलवाहिनीसाठी रस्ता कापला, तेव्हाही हेच नियम त्याला लागू आहेत. काप एकच असतो, राडा दोन-चार घमेली निघतो, आणि तो उचलण्यास दोन माणसांचा अर्धा तास पुरतो.

ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या गटारांचे पाणी कोणत्या ओढ्यास मिळते, आणि त्या ओढ्यावर कोणत्या विहिरी, बांध व पाणवठे आहेत?

२. येत्या उन्हाळ्यात गावात रस्ता कापण्याची कोणती कामे होणार आहेत, आणि राड्याच्या खड्ड्यासाठी उंचवट्याची कोणती जागा योग्य ठरेल?

३. चालू करारांत राडा उचलण्याची अट आहे काय? नसल्यास पुढील परवानगीत ती कोण घालील?

४. मागील कामाचा वाळलेला राडा गटारांत पडून आहे काय? असल्यास मृगापूर्वी तो काढण्याचे काम कोणत्या दिवशी करावयाचे?